गोठ्यातल्या पेटीचं कुलूप

माय,

तू गेलीस त्या दुपारी आपल्या दारात आलेल्या पहिल्याच माणसानं मला विचारलं, "काय घेतलं होतं वं तुह्या मायनं?" मी म्हटलं, काही घेतलं नव्हतं. बीपी वाढलं, डोक्यातली नस फुटली, कापूस वेचता वेचता ओळीतच पडली. त्यानं मान हलवली आणि ओसरीवर जाऊन बसला. थोड्या वेळानं दुसरा आला, त्यानंही तेच विचारलं. आपल्या गावात माणूस कसा गेला असं आता कुणी विचारत नाही. काय घेतलं, एवढंच विचारतात, आणि काही घेतलं नव्हतं म्हटलं की त्यांना जरा चुकल्यासारखं होतं.

या प्रश्नाची तुला किती चीड होती हे मला माहीत आहे. म्हणजे, माहीत आहे असं मी समजत होते. तू गेल्यावर तुझ्याबद्दल मला माहीत असलेल्यातलं बरंच खोटं निघालं, आणि भांडायला तू नाहीस. म्हणून लिहिते आहे. तू वाचायचीस ते ओळीवर बोट ठेवून, सावकाश, ओठ हलवत. तसंच वाच. मला घाई नाही.

तुला आंघोळ घातली तेव्हा शेजारच्या कांताकाकूनं तुझ्या कमरेची चावी सोडली. काळ्या दोऱ्यात ओवलेली होती, दोरा घामानं कडक झाला होता. "घे व सुजाता, आता हे तुह्याजवळ," म्हणून तिनं ती माझ्या हातात ठेवली. कुठली चावी ते तिला माहीत होतं, मला माहीत होतं, अख्ख्या गल्लीला माहीत होतं. गोठ्यातल्या पत्र्याच्या पेटीची. त्या पेटीत फवारणीच्या बाटल्या असायच्या. खरं सांगते, तू समोर पडलेली असताना मला आधी त्या चावीचा राग आला, रडू नंतर आलं.

हा राग नववीपासूनचा आहे. त्याआधी आपलं बरं चाललं होतं. मला संधिवात झाला तेव्हा मी पाचवीत होते आणि लोकांना त्याची गंमत वाटायची, एवढ्याशा पोरीला म्हाताऱ्यांचं दुखणं. गुडघे, मनगटं सुजायची. संध्याकाळ झाली की सणकून ताप चढायचा, अंगावर गुलाबी पुरळ उठायचं, आणि सकाळी ताप नाही की पुरळ नाही. राळेगावात टायफॉइड म्हणून औषध झालं, मलेरिया म्हणून झालं, एका बाबाचा धागासुद्धा झाला. तो तू बाहेर फेकलास, कारण आपण बौद्ध, धागेदोरे कधीच सोडले आहेत आणि तुला त्याचा अभिमान होता. शेवटी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा लहान मुलांचा संधिवात आहे, आणि तो नुसत्या सांध्यांचा नाही, सगळ्या अंगाचा आहे. गोळ्या सुरू झाल्या. एकही चुकवायची नाही, मनानं बंद करायची नाही, असं त्यांनी तुला बजावलं.

रोज सकाळी तू गरम पाण्यात फडकं पिळून माझे गुडघे शेकायचीस. मी ओरडायचे. "वरड," तू म्हणायचीस, "पण पाय लांब कर." तुझी माया ही अशी. बाबा मात्र मला सायकलच्या दांड्यावर उशी बांधून शाळेत न्यायचे, खड्डा आला की उतरून सायकल हातानं धरून न्यायचे, आणि वाटेत कुणाच्या वावरात काय पेरलंय ते सांगत राहायचे. मला विचारलं असतं, तुला कोण आवडतं, तर मी विचार न करता बाबा म्हटलं असतं. तुलाही ते ठाऊक होतं. पुढे त्याचा तू उपयोग करून घेतलास, ते मला आता कळतं आहे.

मग मी नववीत असताना ते बोंडअळीचं वर्ष आलं. सगळं शिवार फवारत होतं, पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडकं बांधून, काही तर तेही न बांधता. एके सकाळी तू माझ्या गुडघ्यांवर हात ठेवलास आणि थांबलीस. सूज उतरली होती. मनगटंही पहिल्यासारखी झाली होती. तू बाबांना हाक मारलीस, "अवो पाहा ना, उतरले हिचे गुडघे." गुळाचा शिरा केलास. बाबांनी मला दारापर्यंत चालत नेलं, मी न लंगडता गेले. राळेगावात रक्त तपासलं तर सूज दाखवणारा आकडाही खाली आलेला. लॅबवाला म्हणाला, चांगली सुधारणा आहे.

आपण सगळे गुडघ्यांकडे पाहत बसलो. सकाळी उतरणारा ताप आता उतरतच नव्हता, याच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मग उलट्या सुरू झाल्या. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, दंडावर कुणी मारल्यासारखे निळे डाग उठले, आणि एका सकाळी तू हलवलंस तरी मी नीट जागी होईना. गावातली जीप करून तुम्ही मला जिल्ह्याच्या गावी मोठ्या दवाखान्यात नेलं.

तो वॉर्ड मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. त्या दिवसांत तिथं दोनच प्रकारचे पेशंट येत होते, फवारताना औषध अंगात गेलेले आणि जाणूनबुजून पोटात घेतलेले. खाटा पुरत नव्हत्या, माणसं खाली सतरंजीवर होती. गुंगीतली पोरगी, उलट्या, हंगाम फवारणीचा, घर कापूसवाल्याचं. डॉक्टरांनी एकच विचारलं, "काय पेली?" कुणीतरी सांगितलं, घरात औषधाची बाटली उघडी होती. मग बाकीचं कुणी काही विचारलं नाही. माझ्या नाकातून नळी घातली, पोट धुतलं. नाकातून जे रक्त सुरू झालं ते थांबेना. माझी नागपूरची फाईल खाटेखालच्या पिशवीत पडून राहिली आणि माझ्या गोळ्या बंद झाल्या.

पोलीस बयान घ्यायला आला तो माझ्या कानाशी वाकून विचारत होता, "कोणी बोललं का बाई तुले? कोण्या पोट्ट्याचं काही हाय का?" मला तोंड उघडता येत नव्हतं. मी उत्तर दिलं नाही याचा अर्थ गावानं आपल्या मनानं लावला. मला दिवस गेले होते म्हणून मी प्यायले, ही गोष्ट माझ्याआधी गावात पोचली आणि अजून तिथंच मुक्कामाला आहे. मला पाहायला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या कानावर कुणीतरी ती घालतंच.

पुढे पाळी बदलली आणि एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं माझं पोट दाबून पाहिलं, काळीज, म्हणजे लिव्हर, आणि पाणथरी दोन्ही वाढली होती. तिनं विचारलं, "हिला आधीपासून काही आजार आहे का?" तू पिशवी ओढून फाईल काढलीस. तिनं ती उभ्यानंच वाचली, मग माझे सगळे रिपोर्ट मागवले आणि वॉर्डाबाहेर जाऊन नागपूरला फोन लावला. त्याच दुपारी मला ॲम्ब्युलन्समध्ये घातलं.

नागपूरच्या बाईंनी जे सांगितलं ते तू पुढे वर्षानुवर्षं हातपंपावर बायांना सांगत राहिलीस. माणसाच्या रक्तात शिपाई असतात, जंतू आले की लढतात. या आजारात कधी कधी त्या शिपायांना थांबायचंच कळत नाही. मग ते आपल्याच रक्ताच्या पेशी खायला लागतात, काळजावर चाल करून जातात. सूज उतरली, आकडा खाली आला, ते बरं झाल्याचं लक्षण नव्हतं, आतला सगळा कारभार कोसळल्याचं होतं. त्यांनी फेरिटिन नावाची एक तपासणी केली. तो आकडा पाहून त्या खुर्चीतून उठल्या, असं तू सांगायचीस. सलाईनमधून स्टेरॉइडचे मोठे डोस दिले, रक्त चढवलं, मग तेलासारखा वास मारणारं एक औषध सुरू केलं. त्या शिपायांना झोपवायचं, एवढाच इलाज होता. पण ते झोपले की साधं सर्दीपडसंही आत घुसू शकतं, म्हणून मला काचेआड ठेवलं. तू बाहेर पायपुसण्यावर बसून असायचीस. मी डोळे उघडले की मला तुझी मान दिसायची.

मी वाचले. तोंड भोपळ्यासारखं सुजलं, त्या वासाच्या औषधानं गालांवर आणि हातांवर केस आले, स्टेरॉइडनं उंची जागीच थांबली आणि खुबा कायमचा दुखरा झाला. पण वाचले, आणि त्यात तुझा वाटा आहे हे मी कधी नाकारलं नाही.

सुट्टी मिळाली त्या दिवशी मी चाकाच्या खुर्चीत होते. डॉक्टरीणबाई फार चिडल्या होत्या. म्हणाल्या, गोळ्या वाढवायच्या त्या वेळी त्या बंद झाल्या, थोडा आणखी उशीर झाला असता तर पोरगी हाती लागली नसती. "विषबाधा म्हणून कोणी सांगितलं होतं तिथे?" बाबा खिडकीकडे तोंड करून उभे होते. तू पदर नीट केलास आणि म्हणालीस, "म्या सांगतलं, बाई."

माय, त्या खुर्चीत मी तुला सोडून दिलं. बाकी सगळं मी सोसलं असतं. गाव बोललं, पोलीस बोलला, ते परके होते. तू माझे गुडघे रोज हातात घेणारी. मी काय करीन आणि काय नाही हे तुला कळायला हवं होतं.

घरी आलो आणि काही दिवसांतच गोठ्यात ती पत्र्याची पेटी आली, तिला कुलूप लागलं आणि चावी तुझ्या कमरेला गेली. विहिरीचा दोरही तू आत उचलून ठेवायला लागलीस. फवारणीच्या दिवशी तू स्वतः पेटी उघडून त्या दिवसापुरतं औषध मोजून द्यायचीस, पंप रिकामा होईपर्यंत बांधावर उभी राहायचीस आणि उरलेली बाटली पदराखाली घालून परत आणायचीस. बाबा वावरात निघाले की मला म्हणायचीस, "जाय, बाबाच्या मांगं मांगं राह्य." गुडघा दुखतो म्हटलं तरी ऐकायची नाहीस. मला वाटायचं, बाबांना माझ्या राखणीला बसवलं आहे. मी बांधावर बसून पुस्तक वाचायचे आणि तुझ्यावर जळायचे.

आणि हातपंपावर तूच गर्जायचीस, "माही पोट्टी काहीच पेली नाही. तिच्या रक्तातलेच शिपाई तिले खाऊन राह्यलते." एकदा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "मग दवाखान्यात पेली म्हणून काहून सांगतलं?" तू घागर उचललीस आणि चालायला लागलीस. वाटेत इतकंच म्हणालीस, "घरी चाल." घरी आल्यावर तू भाकरी टाकायला बसलीस. मी किती वेळा विचारलं असेन, रागानं, रडून, टोमणे मारून. तुझं एकच उत्तर होतं, "झालं गेलं. गोळी घेतली का?"

एक कबूल करते. त्या वासाच्या औषधाचा घोट माझ्या घशाखाली उतरेना, तेव्हा तू आधी स्वतः चमचाभर तोंडात घेतलंस, तोंड वाकडं न करता गिळलंस आणि म्हणालीस, "एवढं काई वाईट नाही." नंतर मागच्या दारी जाऊन ओकलीस. मी ऐकलं होतं. वर्गातल्या पोरी मला मिशीवाली म्हणायच्या, तर तू त्यातल्या एकीच्या आईला भर बाजारात धरलंस आणि तिच्या टोपलीतली वांगी रस्त्यावर सांडवलीस. मला लाज वाटली होती आणि आतून फार बरंही वाटलं होतं. अशा वेळी मी तुला माफ करायच्या बेतात यायचे. मग गोठ्यात जायचे, कुलूप दिसायचं.

आपलं शेवटचं भांडणही त्यावरच झालं. राळेगावच्या कॉलेजात ग्रंथालयात मला नोकरी आहे, रोज एसटीनं जाण्यायेण्यात खुब्याचे हाल होतात, म्हणून मी तिथं खोली पाहिली होती. तू म्हणालीस, "नाही. बाबाजवळ कोण राहीन?" मी म्हटलं, तू आहेस ना. तू म्हणालीस, "मी काय जनमभर पुरणार हाय?" मी म्हटलं, सरळ सांग ना, मला एकटं सोडायची भीती वाटते म्हणून. अजून माझ्यावर पहारा. तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस, ओसरीवर बाबा कापसाची गाठोडी बांधत होते त्यांच्याकडे पाहिलंस, आणि आत गेलीस. दुसऱ्या दिवशी वेचणीला गेलीस ती आलीच नाहीस.

जलदानविधी झाला, पाहुणे गेले, भांडी धुऊन पालथी घातली. दुपारी मी आणि बाबा दोघंच होतो. मी चावी त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, "आता तरी ते कुलूप तोडून फेका. गेली बिचारी, पण मरेपर्यंत माझ्यावर शक करत गेली." मला ते टोचून बोलायचंच होतं.

बाबांनी चावीला हात लावला नाही. म्हणाले, "थे कुलूप तुह्यासाठी नोतं, बाई. माह्यासाठी होतं."

मला कळलं नाही. ते बोलत राहिले, थांबत थांबत. "दवाखान्यात म्या सांगतलं, बाटली उघडी होती म्हणून. फवारून आल्यावर म्याच उघडी ठेवलती. भेव सुटलं अन् तोंडातून निघून गेलं. तुही माय पहिल्या दिसापासून भांडत होती माह्यासंगं, डाक्टरसंगं, माही पोट्टी पेली नाही म्हणून. तिचं ऐकते कोण. नागपूरले बाईनं इचारलं तं माही जीभच उचलेना. तिनं आपल्या आंगावर घेतलं."

"आणि कुलूप?"

"घरी आलो अन् मी गोठ्यात गेलतो. बाटली तोंडाले लावली होती. तिनं पाह्यलं. हिसकली अन् मले मारलं, दोन्ही हातानं. आयुष्यात एकदाच मारलं तिनं मले. मंग म्हणे, पोरीले सांगाचं नाही. तिचा गावावरचा इस्वास गेला, डाक्टरवरचा गेला, मायवरचाही गेला, एका तरी माणसावर राहू दे." ते रडत होते, पण आवाज नव्हता. "तुले माह्या मांगं धाडे ना वावरात, थे तुह्यासाठी नाही. मी तुह्यासमोर काही करणार नाही, हे तिले मालूम होतं."

माय, लोकांना वाटेल आता मी तुझे पाय धरीन. नाही धरणार. मला तुझा राग आला आहे, आधीपेक्षा जास्त. तू कोण ठरवणारी, मी कुणावर भरवसा ठेवायचा? मी दुखणं सोसलं, नळी सोसली, चेहरा बदललेला सोसला. बाबांची चूकही सोसली असती. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून निघालेलं एक वाक्य होतं ते. वर्षाच्या आत मी त्यांना माफ केलं असतं, आणि तुझ्या मांडीवर डोकं ठेवायला मोकळी झाले असते. ते तू मला करू दिलं नाहीस. बाबांना तू माझ्यासाठी राखलंस, आणि माझी आई माझ्यापासून काढून घेतलीस. बदल्यात मला काय मिळालं? एक कुलूप, ज्याच्यावर मी इतकी वर्षं तोंडसुख घेत राहिले, आणि ते तू भाकरी थापत ऐकत राहिलीस.

आणि तरी, तू कधीच माझ्यावर शक केला नव्हतास, पहिल्या दिवसापासून नाही, हे ऐकल्यावर मी मागच्या दारी जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. इतकंच मला नववीपासून ऐकायचं होतं. तुझ्या तोंडून.

राळेगावच्या खोलीचा नाद मी सोडला आहे. का, ते तुला सांगायला नको.

परवा बाबा म्हणाले, उशिराच्या कापसाच्या पऱ्हाटीवर पुन्हा अळी दिसते, फवारणीचा एक हात मारावा लागेल. पंप घेऊन ते गोठ्याच्या दाराशी येऊन उभे राहिले, तुझ्यासमोर उभे राहायचे तसे, खाली मान घालून. मी कुलपाला चावी लावली. थंडीच्या सकाळी माझं मनगट वळत नाही, तुला माहीत आहे, आणि ते कुलूप जुनं, गंजलेलं. मी दोन्ही हातांनी जोर लावला, चावी बोटांत रुतली. बाबांनी एका झटक्यात उघडलं असतं. पण त्यांनी हात पुढे केला नाही, आणि मीही चावी त्यांच्याकडे दिली नाही.

उघडलं शेवटी. त्या दिवसापुरतं मोजून दिलं, पेटी लावली आणि त्यांच्या मागं मागं वावरात गेले. पंप रिकामा होईपर्यंत बांधावर उभी होते, तू उभी राहायचीस तिथंच.